ही खाडी रिकामी का?

बेटाबेटांतून बोटीने फिरणाऱ्याला दुर्बिणीत एखादी रिकामी खाडी दिसली, आत एकही डोलकाठी नाही, पाणी हिरवंनिळं, मागे पुळण, की सुकाणू आपोआप तिकडे वळतं. शांत जागा सापडल्याचा आनंद होतो. पण त्या क्षणी आपल्याला एवढंच कळलेलं असतं की इथे कुणी थांबलेलं नाही. का थांबलेलं नाही, ते शोधायचं बाकी असतं. मुक्कामाची जागा निवडताना हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. पुढे एका दुपारची आणि त्या रात्रीची तपशीलवार हकिकत देते आहे. एकाच बेटावर दोन खाड्या रिकाम्या होत्या आणि दोन्हींची कारणं अगदी वेगळी होती.

बोट अकरा मीटर लांबीची, शिडाची, मोनोहल, म्हणजे एकाच सांगाड्याची. कील, म्हणजे बुडाखालचा जड पाता, पाण्याखाली 1.9 मीटर. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, 20 किलोचा आधुनिक, वळणदार पात्याचा नांगर, त्याला 10 मिलिमीटरची 60 मीटर साखळी आणि साखळीच्या टोकाला 30 मीटर नायलॉनचा दोर. बोटीवर आम्ही चौघं होतो: स्किपर, म्हणजे बोटीचे प्रमुख, त्यांची पत्नी (मी त्यांना ताई म्हणते), त्यांची सोळा वर्षांची मुलगी आणि मी. मार्ग आखणं आणि हवामान बघणं माझ्याकडे होतं. सुकाणू बहुतेक वेळ ताईंच्या हातात.

बेट पूर्व-पश्चिम पसरलेलं, चार समुद्री मैल लांब, मधून तीनेकशे मीटर उंचीचा डोंगराचा कणा. अशा ठेवणीची बेटं जगात सगळीकडे आहेत, म्हणून नावागावात शिरत नाही. बेट उत्तर गोलार्धात आहे एवढं मात्र लक्षात ठेवा, कारण सूर्य कुठल्या बाजूला असतो याचा पुढे संबंध येणार आहे.

दुपारचे दोन वाजले होते. वारा वायव्येकडून, 15 नॉट, म्हणजे ताशी 15 समुद्री मैल. अंदाज असा होता की संध्याकाळी वारा पडेल, मध्यरात्रीपर्यंत जवळजवळ शांत राहील आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास, पुढचा कमी दाबाचा पट्टा जवळ येताना, दक्षिणेकडून उठेल. 20 ते 25 नॉट, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. याशिवाय दूरच्या एका वादळाने मागे ठेवलेली लांब लाट नैऋत्येकडून येत होती. उंची जेमतेम एक मीटर, पण एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत बारा सेकंद. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी दुपारी साडेचारला 0.4 मीटर, भरती रात्री पावणेअकराला 2.6 मीटर आणि पुढची ओहोटी पहाटे पाचच्या आसपास 0.5 मीटर.

दक्षिणेची मोठी खाडी

बहुतेक बोटी इथे होत्या. तीसेक तरी असतील. वायव्येचा वारा डोंगरापलीकडे अडलेला, पाणी निवांत, किनाऱ्यावर खाण्यापिण्याची सोय, वाळूचा तळ, नांगर लगेच धरतो. दुपारी दोनच्या हिशेबाने बेटावर याहून चांगली जागा नव्हती. पण खाडीचं तोंड सरळ दक्षिणेला. रात्री वारा फिरल्यावर ह्याच बोटींच्या पाठीशी किनारा येणार आणि समोरून लाटा थेट आत येणार, तेही अंधारात. तीस बोटी, प्रत्येकीने गर्दीमुळे साखळी आखूड सोडलेली.

या रचनेचं सगळ्यांत कठोर उदाहरण मेक्सिकोतल्या काबो सान लुकासचं आहे. डिसेंबर 1982 मध्ये तिथल्या उघड्या नांगरवाड्यात बोटी दाटीने, किनाऱ्याच्या जवळ उभ्या होत्या. आग्नेयेकडून जोराचा वारा आला आणि एका रात्रीत पंचवीसहून जास्त बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. प्रसिद्ध फ्रेंच खलाशी बर्नार म्वातेसिए यांची 'जोशुआ' त्यांतलीच एक. जगातल्या अवघड समुद्रांतून पार झालेली पोलादी बोट आणि तिच्यावरचा तितकाच अनुभवी माणूस. मुक्कामाचं गणित बिघडलं की अनुभवाचा फार उपयोग होत नाही.

दक्षिणेची खाडी आम्ही पाच मिनिटांत सोडून दिली.

पश्चिम टोकाची सुंदर खाडी

दक्षिण किनाऱ्यानेच पश्चिमेला गेलं की एक भूशिर आणि त्याला लागून ही छोटी खाडी. दुपारी अडीचला आम्ही तोंडाशी बोट थांबवली. आत काचेसारखं पाणी. तोंडावर खडकांची एक ओळ अर्धीमुर्धी उघडी, तिच्यावर बाहेरची लाट फुटत होती आणि आत तरंगसुद्धा पोचत नव्हता. एकही बोट नाही.

मुलीने विचारलं, "बाबा, इथे कुणीच कसं नाही?"

स्किपरांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पाण्याकडे नंतर बघ. आधी किनारा बघ."

किनारा वाचायला शिकावं, असं मी प्रत्येक नव्या खलाशाला सांगत असते. लाटा कमी पोचतात तिथली पुळण सपाट असते, वाळू बारीक, कडेला वाळलेल्या समुद्री गवताची मऊ रांग. इथे पुळण चढणीची होती आणि वाळूपेक्षा गोटेच जास्त. मुठीएवढे गोल गोटे पाण्यापासून बरेच वर ढिगाने साचलेले. त्यांच्याही मागे, झुडपांच्या मुळाशी, पांढरे पडलेले लाकडाचे ओंडके. ओंडके तिथवर कुणी उचलून नेत नाही, लाट नेते. बाजूच्या खडकांवर शेवाळाचा ओला पट्टा भरतीच्या रेषेच्याही बराच वर गेलेला.

चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, उरलेलं उत्तर मिळालं. तोंडावरच्या खडकांची उंची 1.2 मीटर लिहिली होती, म्हणजे चार्टच्या शून्य पातळीपासून (साधारण सगळ्यांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून) तेवढी वर. अडीच वाजता भरती-ओहोटीची पातळी मीटरभराच्या आत उतरलेली, म्हणून खडक भिंतीसारखे उभे. पण पावणेअकराला पातळी 2.6 होणार, म्हणजे त्याच भिंतीवर 1.4 मीटर पाणी. ढोबळ नियम असा की लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीपर्यंत असेल तोवर ती न फुटता पुढे सरकू शकते. एक मीटरची लाट 1.4 मीटर पाण्यावरून जेमतेम का होईना, आत येऊ शकणार. म्हणजे दुपारी जी खाडी काचेसारखी दिसते, तीच रात्री भरतीला उघडी पडते.

लाट नैऋत्येची आणि खाडी भूशिराच्या आडोशाला, मग ती आत वळेल कशी, असं विचारता येईल. इथे बारा सेकंदांचा आकडा महत्त्वाचा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर कालावधीच्या वर्गाला 1.56 ने गुणायचं. बारा सेकंदांची लाट साधारण 225 मीटर लांब. लांबीच्या निम्म्या खोलीपासून लाटेला तळ जाणवू लागतो, म्हणजे 112 मीटरपासूनच. तळ जाणवला की उथळ बाजूचा भाग मंदावतो, खोल बाजूचा पुढे धावतो आणि लाट किनाऱ्याकडे वळते. सहा सेकंदांची वाऱ्याची लाट 56 मीटर लांब, तिला 28 मीटर खोलीपर्यंत तळाचा पत्ताच नसतो. म्हणून लांब कालावधीची लाट उंचीने लहान असली तरी भूशिराला वळसा घालून आडोशात शिरते. हवामानाच्या अंदाजात लोक उंची वाचतात आणि कालावधी सोडून देतात. बेटांमधल्या मुक्कामाला कालावधी जास्त कामाचा असतो.

आणखी एक गोष्ट होती. तळाचा बराचसा भाग गडद दिसत होता, मध्ये वाळूचे फिके चट्टे. गडद म्हणजे समुद्री गवत. गवतावर नांगर घसरतो, आणि जिथे धरतो तिथे मुळांसकट गवत उपटून आणतो. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत वर्षाला काही सेंटिमीटरच पसरतं. फोर्मेंतेरा बेटाजवळ त्याचा आठेक किलोमीटरपर्यंत पसरलेला एकाच वनस्पतीचा वंश 2006 मध्ये नोंदला गेला. एवढं पसरायला त्याला किती शतकं लागली असतील याचा विचार करावा. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2018 मध्ये फर्मान काढून पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी केली, ते मला मनापासून योग्य वाटतं. जिथे अशी बंदी नाही तिथेही ती आपण आपल्यावर घालून घ्यावी. फिका चट्टा शोधावा, नाही सापडला तर पुढे जावं.

मागे दुसरा नांगर टाकून नाळ लाटेकडे धरून ठेवता येते, असं ताईंनी सुचवलं. लाट कुशीवर येऊ नये यासाठी तो चांगला उपाय आहे. पण रात्री दक्षिणेचा वारा आल्यावर दोन नांगरांत अडकलेल्या बोटीची कूस त्या वाऱ्याला सापडली असती. तो विचार तिथेच थांबला.

ही खाडी रिकामी होती, कारण ती ओळखणाऱ्यांनी तिच्यात कधी तरी एक रात्र काढली असणार.

उत्तरेची साधी खाडी

तिसरी जागा डोंगराच्या पलीकडे, उत्तर किनाऱ्यावर. तोंड उत्तरेला, रुंदी 260 मीटर, आत शिरायला साधारण 300 मीटर. चार्टवर तळाच्या खुणेत चिखल. पुळण नाही, दगडी कडा आणि मधून उतरणारी एक घळ. फोटोत बघून कुणी तिकडे जाणार नाही. वळसा घालून तिच्यासमोर आलो तेव्हा साडेचार झाले होते आणि वायव्येच्या वाऱ्याची टोकदार लाट तिच्या तोंडातून तिरकी आत जात होती. आत मच्छीमारांची एक बोट कायमच्या बोयाला बांधलेली, दुसरं काही नाही.

इथे कुणी का नाही? उत्तर समोर हलत होतं: आजचा वारा. दुपारी जागा शोधणाऱ्याला ही खाडी नको वाटणारच. पण तो वारा संध्याकाळी पडणार होता आणि रात्रीच्या दक्षिणेच्या वाऱ्याला तीनशे मीटरचा डोंगर आडवा येणार होता. नैऋत्येच्या लांब लाटेला इथे पोचायला बेटाच्या पश्चिम टोकाला जवळजवळ पूर्ण वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशात तिचा जोर संपतो. पश्चिमेच्या खाडीचं कारण रात्रभर टिकणारं होतं. उत्तरेच्या खाडीचं सूर्यास्ताबरोबर जाणारं होतं. आमचा निर्णय या फरकावर झाला.

मच्छीमारांची बोट हाही एक पुरावा होता. रोज समुद्रावर जाणारी माणसं बोट कायमची जिथे बांधतात ती जागा बहुतेक वाऱ्यांत तग धरणारी असते. मात्र त्यांच्या बोयापासून आणि जाळ्यांच्या वाटेपासून लांब राहायचं, हे त्याबरोबरच आलं.

तरीही ही जागा निर्धोक नव्हती. तीन अडचणी होत्या.

पहिली, तोंडाच्या पश्चिमेला पाण्याखालचा खडक. चार्टवर शून्य पातळीखाली 0.6 मीटर. चार्टच्या त्या तुकड्याचा कॅटझॉक दर्जा (चार्टमागचं मोजमाप किती भरवशाचं ते सांगणारी श्रेणी) सी होता, म्हणजे नोंदलेली जागा 500 मीटरपर्यंत चुकलेली असू शकते. पडद्यावर बोटीची खूण आणि खडकाची खूण इतक्या स्पष्ट दिसतात की दोन्ही सारख्याच अचूक वाटू लागतात. बोटीची जागा उपग्रह सांगतो, खडकाची जागा कधी काळी होडीतून दोरी सोडून मोजणाऱ्याने सांगितलेली असते. शिवाय चार्ट किती मोठा करून पाहिला यावरही काय दिसेल ते ठरतं. 29 नोव्हेंबर 2014 रोजी 'टीम वेस्तास विंड' ही जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली बोट मॉरिशसच्या ईशान्येकडच्या कार्गादोस काराजोस खडकांवर पूर्ण वेगाने आदळली. पुरेसं मोठं न केलेल्या इलेक्ट्रॉनिक चार्टवर ते खडक त्यांच्या लक्षात आले नव्हते. नऊ जण बोटीवर होते, सगळे वाचले. तेव्हापासून माझा नियम आहे की नव्या जागेचा चार्ट सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर नेऊन आत जायच्या वाटेवर बोट चालवल्यासारखं हाताचं बोट फिरवायचं, इंच न् इंच.

दुसरी अडचण उजेडाची. पाण्याचा रंग वाचायला सूर्य उंच आणि पाठीशी हवा. उत्तर गोलार्धात उत्तरमुखी खाडीत शिरताना दुपारी तो थेट डोळ्यांवर असतो. सव्वापाचपर्यंत तो पश्चिमेला, आमच्या उजव्या हाताला सरकला. चकाकी एका बाजूला गेली, डावीकडचं आणि समोरचं पाणी वाचता येऊ लागलं. साडेसहानंतर डोंगराची सावली पडून रंग नाहीसे झाले असते. म्हणजे आत जायला तासाभराची फट. ओहोटी साडेचारला संपून गेलेली, त्यामुळे खडकावर जेमतेम मीटरभर पाणी आणि पातळी चढती, हाही फायदा. चढत्या पाण्यात बोट टेकली तर पाणीच तिला उचलून सोडवतं.

तिसरी अडचण ती घळ. डोंगराच्या आडोशाला वारा नेहमीच कमी असतो असं नाही. कण्यावरून येणारा वारा पलीकडच्या उतारावरून खाली कोसळतो आणि घळीतून आवळून येतो, तेव्हा खुल्या समुद्रापेक्षा जोरदार झोत बसतात. घळ खाडीच्या पश्चिम अर्ध्यात उतरत होती. म्हणून जागा पूर्व अर्ध्यात, कड्याच्या बाजूला.

आत जाणं आणि नांगर रोवणं

ताईंनी बोट बाहेर खोल पाण्यात धरली आणि स्किपर मुलीला घेऊन डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, पुढे गेले. सोबत शिशाचं वजन बांधलेली, मीटरमीटरवर खुणा केलेली दोरी. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात साबण भरलेला. तळाला टेकलं की तिथलं थोडंसं साबणाला चिकटून वर येतं. डेप्थ साउंडर हे यंत्र खोली सांगतं, पण तळ कसला आहे हे ही दोरी त्याच्याहून खात्रीने सांगते.

थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर मुलीचा आवाज आला. "मावशी, राखाडी चिखल आहे, घट्ट. शिंपल्यांचे तुकडेपण चिकटलेत. आणि तो खडक तुझ्या चार्टवर आहे तिथे नाहीये, उत्तरेला आहे."

डिंगी खडकावर थांबवून त्यांनी जीपीएसवर जागा घेतली. चार्टवरच्या खुणेपासून खडक चाळीसेक मीटर उत्तरेला निघाला, म्हणजे नेमका आत वळायच्या वाटेजवळ. मुलीला त्याच्या बाजूला डिंगीत उभं ठेवून ताईंनी बोट आत आणली. स्किपर तोवर बोटीवर चढले होते.

आता खरा वाद. संध्याकाळी वायव्येचा वारा 8 नॉटवर आला होता. नेहमीसारखा त्या वाऱ्याला तोंड करून नांगर टाकला असता तर तो आग्नेयेकडे ओढून रोवला गेला असता, आणि रात्री दक्षिणेच्या वाऱ्याने ओढ जवळजवळ उलटी झाली असती. ओढ उलटली की नांगर उपटून पुन्हा रोवला जाईपर्यंत मधला काळ बिनभरवशाचा, आणि तो काळ पहाटेच्या अंधारात, वारा वाढत असताना येणार. स्किपरांचं म्हणणं होतं की नांगर रात्रीच्या वाऱ्यासाठीच रोवायचा. मी विचारलं, मग संध्याकाळभर बोट किनाऱ्याकडे झुकेल, तिथे पाणी पुरेल का?

मोजलं. नांगराच्या जागी सव्वापाच-साडेपाचला 5.5 मीटर. पातळी तेव्हा 0.6 च्या आसपास, म्हणजे भरतीला आणखी 2 मीटर चढणार. त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची 1.2 मीटर धरायची, ती बरेच जण विसरतात. एकूण 8.7. साखळीला पाचपट पुरे, साडेत्रेचाळीस. आम्ही 45 मीटर सोडायचं ठरवलं. नायलॉनच्या दोरावर भिस्त असती तर सातपट धरलं असतं. 45 मीटर साखळी आणि 11 मीटर बोट मिळून फिरायचं वर्तुळ साधारण 55 मीटर त्रिज्येचं. त्या वर्तुळाच्या दक्षिण कडेला, दगडांच्या बाजूला, शिशाच्या दोरीने 3.4 मीटर दाखवले होते. पहाटेच्या ओहोटीला पातळी तेव्हापेक्षा अगदी थोडी खाली जाणार, म्हणजे कील आणि तळ यांत सव्वा-दीड मीटर. चालण्यासारखं होतं. आणि तोवर वारा दक्षिणेचा झाला असेल तर बोट त्या कडेला नसणारच.

म्हणून खाडीत खोलवर जाऊन नांगर सोडला आणि इंजिनने उलटं, उत्तरेकडे, मागे आलो. चिखलात घाई करून चालत नाही. साखळी सोडून दहा मिनिटं नुसतं थांबलो, नांगराला स्वतःच्या वजनाने बुडू दिलं, मग इंजिनचा जोर हळूहळू वाढवला. एक झुडूप आणि त्यामागचा सुळका एका रेषेत धरून ताई बघत होत्या. इंजिन जोरात मागे ओढत असताना ती रेषा हलली नाही. मग साखळीला दहा मीटर नायलॉनचा ताणदोर लावला, कारण जोराच्या वाऱ्यात साखळीचा झोळ सरळ होतो आणि हिसके थेट नांगरावर जातात. नांगराचा अलार्म (बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा) नांगर तळाला टेकल्याच्या जागेवरून लावला होता. बोट स्थिरावल्यावर लावला तर वर्तुळाचं केंद्रच चुकतं.

अंधार पडल्यावर डोलकाठीवर चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावला. टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांतला, 1972 च्या, तिसावा नियम. दुसरं कुणी नसलं तरी तो लावायचा. मच्छीमार पहाटे निघतात.

रात्र

संध्याकाळभर बोट दक्षिणेकडे झुकून होती, पण 8 नॉटच्या वाऱ्यात ती नांगरापर्यंत पोचतच नव्हती. तळावर पसरलेल्या 45 मीटर साखळीचं वजन शंभर किलोच्या घरात, तेवढ्यानेच ती थांबली होती. नांगर उत्तरेकडे तोंड करून रोवला तसाच राहिला. भरतीच्या वेळी, पावणेअकराला, टेबलावरच्या ग्लासमधलं पाणी हलत होतं का ते मी मुद्दाम पाहिलं. नव्हतं.

वारा दोन वाजून वीस मिनिटांनी आला. आधी मतलई वाऱ्यासारखा हलका, मग दहा मिनिटांत बाहेरच्या आवाजावरून कळलं की आता खरा. बोट फिरून उत्तरेकडे गेली, ताणदोर ताठ झाला आणि ती जिथे थांबली तिथेच थांबली. आमच्याकडे 18 ते 22 नॉट. घळीच्या बाजूला मात्र पाणी पांढरं होऊन फवारे उडताना टॉर्चमध्ये दिसत होते. तीनच्या सुमारास एक झोत वाट चुकून आमच्यापर्यंत आला, वाऱ्याच्या मापकावर 34. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 22 पेक्षा 34 म्हणजे जवळपास अडीचपट ओढ. घळीखाली असतो तर असे झोत रात्रभर घेतले असते. दोन-दोन तासांची पाळी लावून आम्ही जागलो.

व्हीएचएफ रेडिओवर, चॅनल 16 या सगळे ऐकतात त्या सामाईक चॅनलवर, दक्षिणेची खाडी ऐकू येत होती. नांगर सुटल्याचे, साखळ्या एकमेकींत अडकल्याचे, कुणी तरी इंजिन चालू करून बाहेर निघाल्याचे निरोप. डोंगराआडून तुटक येत होतं. मदतीला जायचं तर भूशिराला वळसा घालून, अंधारात, वाऱ्याविरुद्ध. आम्ही तिथे पोचेपर्यंत उजाडलं असतं आणि गर्दीत आणखी एका बोटीची भर पडली असती. स्किपर रेडिओजवळ बसून राहिले. कुणी जागेबद्दल विचारलं असतं तर सांगायला.

पाचच्या पुढे एकाने विचारलंच. उत्तर बाजूला आडोसा आहे का? स्किपरांनी खडकाची जीपीएसवर घेतलेली जागा दोनदा वाचून दाखवली आणि सांगितलं की उजाडेपर्यंत बाहेर खोल पाण्यात थांबा, आता आत शिरू नका. ते थांबले. सात ते आठच्या दरम्यान पाच बोटी आल्या. तीन आत मावल्या, त्यातली एक घळीखाली उभी राहिली आणि डावी-उजवीकडे अशी झोके घेऊ लागली की अर्ध्या तासात नांगर उचलून आमच्या बाजूला आली. तिला जागा द्यायला आम्ही दहा मीटर साखळी आत घेतली. भरती-ओहोटीच्या त्या टप्प्यावर ते परवडत होतं. उरलेल्या दोघी तोंडाबाहेर, आडोशाच्या कडेला, इंजिन तयार ठेवून थांबल्या.

दुपारी वारा उतरल्यावर आम्ही निघालो. साखळी चिखलाने माखून वर आली, नांगर तर चिखलाचा गोळाच, धुवायला बादल्या उपसाव्या लागल्या. तळ चांगला असल्याची ती खूण होती, म्हणून मुलीनेही कुरकुर केली नाही.

खडकाची नोंद त्याच दिवशी तयार केली. जीपीएसवरची जागा डब्ल्यूजीएस 84 प्रणालीत (जीपीएस वापरतं त्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत), वेळ, त्या वेळची भरती-ओहोटीची पातळी, दोरीने मोजलेली खोली, तोंडातून घेतलेला फोटो आणि त्याची दिशा. चार्ट छापणाऱ्या कार्यालयांकडे यासाठी नमुने असतात. ब्रिटिश जलसर्वेक्षण कार्यालयाचा एच.102 हा त्यांतला जुना, सुटसुटीत नमुना. नोंद पाठवली. मुलीला या खाडीबद्दल फोटोंसकट सविस्तर लिहून टाकायचं होतं. ताई म्हणाल्या, "खडकाबद्दल सगळ्यांना कळू दे. जागेबद्दल नको." मलाही ते पटलं, आणि कारण आकड्यांतच आहे: 260 बाय 300 मीटरच्या त्या पाण्यात 55 मीटर त्रिज्येची चारेक वर्तुळं नीट मावतात, आणि त्यातलं एक घळीखाली येतं.